स्वस्त वेल्डिंग यंत्र : किंमत कमी झाली ती कशामुळे?

ज्या शाळांत मूलभूत तंत्रज्ञानासारखा विषय शिकवला जातो, किंवा जिथे एखादे हौशी शिक्षक मुलांकडून उपकरणे बनवून घेतात, तिथे हल्ली एक प्रश्न हटकून निघतो. बाजारात पाच-सहा किलो वजनाची, पट्ट्याने खांद्याला अडकवता येतील अशी वेल्डिंग यंत्रे मिळतात. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात असतो त्या तेलाने भरलेल्या, चाकांवर ढकलाव्या लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा ती कितीतरी स्वस्त असतात. असे यंत्र शाळेने, किंवा घरी खटपट करणाऱ्या माणसाने, घ्यावे का?

दुकानदार म्हणतो, "डोळे मिटून घ्या." वर्षानुवर्षे लोखंड जोडणारा कारागीर म्हणतो, "खेळणं आहे ते!" या दोघांपैकी कोणाचे ऐकायचे? एखादी वस्तू स्वस्त असण्याची दोन कारणे संभवतात. एक तर तीच गोष्ट करण्याची अधिक सोपी वाट कोणाला तरी सापडलेली असते. नाहीतर आवश्यक असे काहीतरी गाळलेले असते. पहिल्या प्रकारची स्वस्ताई स्वीकारावी, दुसऱ्या प्रकारची टाळावी. पण दोन्ही ओळखायच्या कशा? त्यासाठी वेल्डिंग यंत्राचा इतिहास फार उपयोगी पडतो. आज यंत्रावर जी जी सोय दिसते, ती कधीकाळी कोणाची तरी अडचण होती.

खोलीभर बॅटऱ्या

विजेच्या दोन टोकांमध्ये थोडी फट ठेवली आणि पुरेसा प्रवाह मिळाला, तर हवेतून झगझगीत प्रज्योत वाहू लागते. वेल्डर तिला 'आर्क' म्हणतात. सेंट पीटर्सबर्गच्या वासिली पेत्रोव्ह यांनी १८०२ साली तांब्या-जस्ताच्या ४२०० चकत्यांची प्रचंड बॅटरी रचून ती पाहिली, आणि तिच्या उष्णतेने धातू वितळवता येतील हेही नोंदवले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांनी पुढच्या काही वर्षांत तिची प्रात्यक्षिके दाखवली. प्रज्योतीचे तापमान सहा हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाते. लोखंड १५३८ अंशांना वितळते. म्हणजे उष्णतेचा प्रश्न सुटलेला होता. तरीही तिचा जोडकामासाठी उपयोग व्हायला ऐंशी वर्षे लागली, कारण एवढी वीज सातत्याने देणारे साधन नव्हते.

डायनामो आल्यावर चित्र पालटले. १८८१ मध्ये ऑग्युस्त द मेरितान्स यांनी कार्बनच्या कांडीची प्रज्योत वापरून बॅटरीतले शिशाचे पत्रे जोडले. निकोलाय बेनार्दोस यांनी स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांच्यासह १८८५ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १८८७ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचे एकस्व मिळवले. त्यांच्या पद्धतीत डायनामो आधी बॅटऱ्यांची रांग भरून ठेवी आणि मग प्रज्योतीला त्या बॅटऱ्या वीज पुरवत. ज्याला आपण आज 'वेल्डिंग मशीन' म्हणतो ते तेव्हा एक अख्खी खोली होते.

निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ मध्ये दोन बदल केले. बॅटऱ्या काढून डायनामो थेट जोडला, आणि कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ही कांडी प्रज्योतीत वितळते आणि फट भरते. आजच्या 'रॉड'चा हा पूर्वज. अमेरिकेत चार्ल्स कॉफिन यांना १८९० साली अशाच कल्पनेचे एकस्व मिळाले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात स्लाव्यानोव्ह यांनी आठ धातू व मिश्रधातू एकावर एक जोडून बनवलेला पेला मांडला आणि पदक मिळवले.

प्रज्योतीचा उलटा स्वभाव

एवढ्यावर काम भागायला हवे होते. पण प्रज्योत ही साध्या तारेसारखी वागत नाही. तारेतून जास्त प्रवाह पाठवायचा तर जास्त व्होल्टेज लावावे लागते. हा ओहमचा नियम आपण नववी-दहावीत शिकवतो. प्रज्योतीचे उलटे असते. प्रवाह वाढला की हवेचे अधिक आयनीभवन होते, वाट अधिक मोकळी होते आणि व्होल्टेज कमी लागते. हा स्वभाव १८९० च्या दशकात हर्था एअर्टन यांनी असंख्य मोजमापे घेऊन समीकरणात बसवला. त्यांचा 'द इलेक्ट्रिक आर्क' हा ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे काम प्रामुख्याने रस्त्यांवरच्या कार्बन-दिव्यांसाठी होते, पण वेल्डिंगलाही तेच लागू पडते.

याचा अर्थ असा, की प्रज्योतीला मोकळी वीज दिली तर प्रवाह वाढतच जाईल आणि यंत्र किंवा फ्यूज जळेल. तिला लगाम हवा. ट्यूबलाइटमध्ये हेच काम चोक करतो. वेल्डिंग यंत्र म्हणजे नुसता व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर नव्हे. प्रज्योत पेटवण्यासाठी आधी ५० ते ८० व्होल्ट द्यायचे आणि ती पेटताच २०-२५ व्होल्टवर येऊन प्रवाह धरून ठेवायचा, असे दुहेरी काम त्याला करावे लागते. गावातल्या जुन्या यंत्रावर जे फिरवायचे हँडल असते, ते आतला लोखंडी तुकडा वा वेटोळे सरकवून हा लगाम सैल-घट्ट करते.

यंत्र विकत घेताना याचा उपयोग असा : रॉड मधेच चिकटला किंवा हात किंचित हलला तरी प्रवाह फारसा बदलू नये. हे ज्या यंत्राला जमत नाही, त्यावर शिकणाऱ्या मुलाचा हात कधीच बसणार नाही. आणि दोष यंत्राचा असताना मुलाला वाटेल की आपल्यालाच जमत नाही.

कांडीवरचा लेप

स्लाव्यानोव्ह यांच्या उघड्या कांडीत एक मोठी उणीव होती. वितळलेले लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेई आणि सांधा ठिसूळ होई. जहाजांच्या बाष्पकांची दुरुस्ती करणारे स्वीडिश अभियंते ऑस्कर शेलबेरी यांनी यावर उपाय काढला. कार्बोनेटे व सिलिकेटे यांच्या दाट राबडीत कांडी बुडवून तिला लेप द्यायचा. लेप जळताना निघणारा वायू हवेला दूर सारतो, आणि वितळलेला लेप सांध्यावर मळीचे पांघरूण घालतो. १९०४ मध्ये त्यांनी स्थापन केलेली कंपनी आज 'एसाब' या नावाने ओळखली जाते. लेपाचे एकस्व त्यांना १९०७ साली मिळाले.

पुढे लेपाचा दुसरा, आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा उपयोग लक्षात आला. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्य होतो. उघड्या कांडीची प्रज्योत अशा प्रत्येक वेळी विझू पाहते. म्हणून सुरुवातीची चांगली यंत्रे दिष्ट प्रवाहाचीच होती : एक मोटर, तिने फिरवलेला जनित्र, अवजड आणि महाग. पण लेपात पोटॅशियमची संयुगे मिसळली तर? पोटॅशियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, लोखंडाच्या अणूला ७.९ लागतात. त्यामुळे प्रवाह शून्यावर आला तरी फटीत आयन टिकून राहतात आणि प्रज्योत पुन्हा पेटते.

रॉडच्या पुड्यावरचे आकडे हाच इतिहास सांगतात. ६०१० आणि ६०११ हे दोन्ही रॉड सेल्युलोजच्या लेपाचे. पहिल्यात सोडियम असते, तो दिष्ट प्रवाहावरच चालतो. दुसऱ्यात पोटॅशियम असते, तो प्रत्यावर्ती प्रवाहावरही चालतो. आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या ६०१३ च्या लेपात टायटॅनियम डायऑक्साइड आणि पोटॅशियम असते, म्हणून तो नवशिक्याला सांभाळून घेतो. अकरावीच्या रसायनशास्त्रातील आयनीभवन-ऊर्जेचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

शेतकऱ्याचे यंत्र

१९२७ च्या सुमारास लेप दाबयंत्रातून चढवण्याची पद्धत आली आणि लेपाचे रॉड स्वस्त झाले. आता स्वस्त यंत्राची वाट मोकळी होती. १९२९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, ॲपलटन गावी, नील्स मिलर यांनी ती वाट धरली. त्या काळची वेल्डिंग यंत्रे कारखान्यांसाठी बनलेली, मोठी, बहुधा थ्री-फेजवर चालणारी होती. शेतकऱ्याचा नांगर मोडला तर त्याला अशा यंत्राचा काय उपयोग? १९३५ च्या सुमारासही अमेरिकेतील दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज पोहोचली होती, आणि जिथे होती तिथे ती साधी असे. मिलर यांनी आपल्या घराच्या तळघरात, ग्रामीण भागातल्या विजेवर चालेल असे लहान प्रत्यावर्ती यंत्र बनवले.

मिलर यांनी काय सोडले आणि काय राखले, ते पाहण्यासारखे आहे. फिरणारे जनित्र सोडले, कारण त्याचे काम आता रॉडचा लेप करत होता. मोठा प्रवाह सोडला, कारण नांगराला त्याची गरज नव्हती. दिवसभर अखंड चालण्याची क्षमता सोडली, कारण शेतकरी दिवसभर वेल्डिंग करत नाही. प्रज्योतीचा लगाम मात्र सोडला नाही. सुरुवातीला आपण स्वस्ताईचे दोन प्रकार पाहिले. त्यांतला पहिला प्रकार तो हाच.

आपल्याकडेही हीच परिस्थिती आहे. बहुतेक शाळांत सिंगल-फेज वीज असते. थ्री-फेज शेतीपंपांना मिळते, पण तीही वेळापत्रकाप्रमाणे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून हाताने काम करत शिकण्याचा कार्यक्रम अनेक माध्यमिक शाळांत गेला. त्यात गावाला उपयोगी वस्तू मुले स्वतः बनवतात, वेल्डिंगही करतात. तिथे शिकणाऱ्या मुलाची गरज कारखान्याची नसते, मिलर यांच्या शेतकऱ्याची असते.

लोखंडाऐवजी सिलिकॉन

तरीही ट्रान्सफॉर्मर जडच राहिला. ५० हर्ट्झवर पुरेसे व्होल्टेज निर्माण करायचे तर लोखंडी गाभा जाड लागतो. फॅरडेच्या नियमानुसार वेटोळ्यातील व्होल्टेज हे चुंबकीय बलरेषा किती वेगाने बदलतात यावर अवलंबून असते. मग वारंवारता वाढवली तर गाभा बारीक करता येईल! ५० ऐवजी ५०,००० हर्ट्झ घेतले तर वारंवारता हजारपट होते. इतक्या वेगाला साधे लोखंड चालत नाही, फेराइट घ्यावे लागते आणि त्याची चुंबकीय क्षमता लोखंडाच्या पाचव्या हिश्श्याइतकीच असते. तरी गाभ्याचा छेद शेकडो पटींनी लहान करता येतो.

इन्व्हर्टर यंत्र हेच करते. घरातली २३० व्होल्टची वीज आधी दिष्ट करून सुमारे ३२५ व्होल्ट मिळवायचे, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचे, मुठीएवढ्या ट्रान्सफॉर्मरने उतरवायचे आणि पुन्हा दिष्ट करायचे. फिनलंडच्या केम्पी कंपनीने १९७७ साली असे यंत्र बाजारात आणले. पण एवढा प्रवाह एवढ्या वेगाने चालू-बंद करणारा भरवशाचा आणि स्वस्त स्विच हवा होता. तो 'आयजीबीटी' या अर्धसंवाहक घटकाच्या रूपाने आला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्याच्या विकासात पुढाकार घेणारे डॉ. जयंत बालिगा हे मद्रासच्या आय.आय.टी.चे १९६९ सालचे पदवीधर.

म्हणजे वीस-तीस किलो तांबे-लोखंड वाचले म्हणून आजचे यंत्र हलके व स्वस्त आहे. कारागिराचे "खेळणं आहे" हे म्हणणे इथपर्यंत तरी खरे नाही. शिवाय प्रवाह दिष्ट मिळतो आणि लगाम इलेक्ट्रॉनिक मंडल सांभाळते. मात्र अडचण नाहीशी झाली नाही, जागा बदलून बसली. जुना ट्रान्सफॉर्मर जळला तर तालुक्याच्या गावी वायंडिंग करून मिळतो. इन्व्हर्टरचे मंडल जळले तर बहुधा अख्खी प्लेट बदलावी लागते. ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्यावाटे आत गेली की ती मंडलावर बसते आणि तिथेच घात होतो.

पाटीवरचे आकडे

आता दुसऱ्या प्रकारची स्वस्ताई, म्हणजे गाळलेल्या गोष्टी. त्या यंत्राच्या पाटीवर पकडता येतात, आणि हे काम वर्गात मुलांकडून करून घेता येते.

पहिली परीक्षा ऊर्जेच्या अक्षय्यतेची. समजा पाटीवर '२०० ॲम्पिअर' लिहिले आहे. रॉडच्या वेल्डिंगसाठी आंतरराष्ट्रीय मानकात प्रज्योतीचे व्होल्टेज असे धरतात : २० अधिक प्रवाहाच्या ०.०४ पट. म्हणजे २०० ॲम्पिअरला २८ व्होल्ट. शक्ती झाली ५६०० वॉट. यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर भिंतीतून ७००० वॉट यायला हवेत; २३० व्होल्टला ३० ॲम्पिअर. साध्या इन्व्हर्टरचा शक्तिगुणक ०.६५ च्या आसपास असतो, म्हणून प्रत्यक्षात ४६-४७ ॲम्पिअर. आणि यंत्राला प्लग मात्र १६ ॲम्पिअरचा! हे २०० ॲम्पिअर येणार कुठून? हाच हिशेब ८० ॲम्पिअरसाठी केला तर भिंतीतून सुमारे साडेपंधरा ॲम्पिअर लागतात. १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर तेवढेच जेमतेम शक्य आहे. सुदैवाने २.५ मिलिमीटरच्या रॉडला ७० ते ९० ॲम्पिअर पुरतात आणि बाक, खिडकीची जाळी, झाडाचा पिंजरा यांसाठी हा रॉड ठीक आहे.

दुसरी परीक्षा 'ड्यूटी सायकल'ची. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे यंत्र त्या प्रवाहाने चालू शकते, हे त्यात टक्क्यांनी देतात. १६० ॲम्पिअरला २० टक्के म्हणजे दोन मिनिटे काम, आठ मिनिटे विश्रांती. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ढोबळ हिशेबाने हेच यंत्र ६० टक्के वेळ चालवायचे तर १६० ला ३ च्या वर्गमुळाने भागावे : सुमारे ९२ ॲम्पिअर. शाळेला हेही पुरते. पण ही टक्केवारी किती तापमानाला मोजली ते पाहावे. चांगल्या यंत्रांवर ती ४० अंशांना मोजलेली असते, काही हौशी यंत्रांवर २० अंशांना. चंद्रपूर-नागपूरच्या एप्रिलमध्ये २० अंशांचा आकडा काय कामाचा? आणि ज्या पाटीवर ड्यूटी सायकल मुळी लिहिलेलीच नाही, ते यंत्र न घेणेच बरे.

तिसरी परीक्षा सोबतच्या सामानाची. बारीक केबल, हलका होल्डर, पकड नसलेला अर्थ-क्लॅम्प आणि प्लास्टिकची हातातली काच, हे दिसले तर पैसे कुठे वाचवले ते कळते. केबल आणि क्लॅम्प बदलता येतात. तो खर्च किमतीत धरावा.

मग घ्यावे का?

शाळेसाठी, दुरुस्तीसाठी, हौसेसाठी, बारीक अँगल आणि पातळ पाइप जोडण्यासाठी : होय, वरच्या तीन परीक्षांत उतरले आणि जवळपास दुरुस्तीची सोय असेल तर. रोज सहा-आठ तास धंदा करायचा असेल, किंवा ज्याखाली माणसे उभी राहणार आहेत असे पाण्याच्या टाकीचे स्टँड, जिना, झोपाळा बनवायचा असेल, तर नाही. तिथे यंत्रही मोठे हवे आणि हातही तयार हवा.

वरचा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. सांध्याचे बळ यंत्राइतकेच रॉडच्या लेपात असते. म्हणून यंत्रावर वाचलेले पैसे चांगल्या रॉडवर घालावेत आणि ते कोरडे ठेवावेत. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड ओल धरतात. मुलांनी केलेला सांधा नुसता पाहून पास करू नये. दोन पट्ट्या एका बाजूने काटकोनात जोडाव्यात, शेगडीवाल्या लोहाराप्रमाणे ऐरणीवर धरून घणाने मोडाव्यात आणि मोडलेल्या जागी भोके किंवा अडकलेली मळी दिसते का ते पाहावे. हा प्रयोग फुकटचा आहे आणि तो खोटे बोलत नाही.

शेवटी, जे स्वस्त करता येत नाही ते. प्रज्योतीतील अतिनील किरणांनी डोळ्यांच्या बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो. त्या क्षणी काही जाणवत नाही, काही तासांनी मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. शेजारी उभा राहून बघणाऱ्या मुलालाही हेच होते. वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये कर्करोगकारक ठरवले; म्हणून काम उघड्यावर, वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असे करावे आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप वापरू नये. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या माणसाला ८० व्होल्टही धोक्याचे ठरतात. दहा-अकरा क्रमांकाच्या काचेचे शिरस्त्राण, कातडी हातमोजे, कोरडे बूट, सुती कपडे, बघ्यांसाठी पडदा आणि नीट अर्थिंग केलेले सॉकेट, एवढ्या सगळ्याची बेरीज करून मगच शाळेने यंत्राची किंमत ठरवावी. ही बेरीज परवडत नसेल, तर स्वस्त यंत्रही परवडणारे नाही. ती परवडत असेल, तर मिलर यांच्या शेतकऱ्याला जो फायदा झाला तो आपल्या मुलांनाही मिळू द्यायला हरकत नाही.